पहिल्या धुलाईतच तुटणारा ग्राहक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरज रस्ता, विश्रामबाग, कुपवाड, माधवनगर या पट्ट्यात वॉशिंग सेंटरांना तोटा नाही. त्यांत आता स्वतः गाडी धुण्याच्या केंद्रांची कल्पना रुजू पाहते आहे. शेड, दाबाने पाणी मारणारी गन, मिनिटे मोजणारे घड्याळ आणि क्यूआर कोड. पैसे भरायचे, बटण दाबायचे आणि आपली गाडी आपण धुवायची. केंद्र काढणाऱ्याचा हिशेब असा असतो की माणसे कमी लागतील, पाणी कमी लागेल, दर कमी ठेवता येईल आणि ग्राहक आपोआप येईल. सुरुवातीला लोक उत्सुकतेने येतातही. पुढे गाडी धुण्याचे गाळे रिकामे दिसू लागले की मालक बॅनर छापतो, दर उतरवतो, सवलतींच्या पाट्या लावतो. या धंद्यात असलेल्या आम्हा काही जणांना कळकळीने सांगावेसे वाटते, की हा खर्च चुकीच्या जागी होतो. ग्राहक पहिल्याच धुलाईत तुटलेला असतो. त्याला नीट धुता आले नाही, पैसे अंदाजापेक्षा जास्त गेले आणि घरी पोचेपर्यंत बॉनेटवर पांढरे ठिपके उमटले. एवढे सावरले तर गाळा भरतो. सावरले नाही तर दर कितीही उतरवला तरी तो माणूस पुन्हा फिरकत नाही.

आधी पैशांचे बघू. उदाहरणादाखल मिनिटाला २० रुपये दर धरला, तर सराव असलेला माणूस लहान मोटार ७ मिनिटांच्या पाण्यात धुतो. धूळ-चिखल उडवायला २ मिनिटे, फेस मारायला १, फेस काढायला ३ आणि शेवटच्या पाण्याला १. झाले १४० रुपये. नवखा माणूस गन कशी धरायची ते आधी शोधतो, फेसाऐवजी पाण्याचे बटण दाबतो, एकाच दारावरून दोनदा फिरतो आणि टपाची पलीकडची बाजू राहून गेली म्हणून पुन्हा पैसे भरतो. त्याची सहज १२-१३ मिनिटे जातात, म्हणजे अडीचशे रुपये. त्यात थोडी भर घातली की नेहमीच्या सेंटरवर पोरे गाडी धुऊन, आतून झाडून, पुसून हातात देतात. त्याला फसवल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही. म्हणून प्रत्येकाची पहिली धुलाई घड्याळ न लावता ठरावीक रकमेत करून द्यावी. वरच्या दरात १५० रुपये योग्य होतील. गाडीच्या नंबरची नोंद ठेवली की त्याचा गैरफायदा घेतला जात नाही. मालकाचे त्या दिवशी पाच-सहा मिनिटांचे पाणी जास्त जाते. तेवढ्या पैशांत बॅनर काही लागत नाही.

घड्याळात 'थांबा' हे बटण हवेच. फेस मारल्यावर तो दोन-तीन मिनिटे गाडीवर राहू द्यायचा असतो, तेव्हा मळ सुटतो. त्या वेळेचेही पैसे कापले जात असतील तर ग्राहक घाईने फेस धुऊन टाकतो, गाडी मळकीच राहते आणि दोष शांपूवर जातो. कंट्रोलर बसवून देणाऱ्याकडून निदान ५ मिनिटे विनाशुल्क थांबण्याची सोय करून घ्यावी. आकडे गाडीच्या कोणत्याही बाजूने दिसतील एवढे मोठे असावेत आणि शेवटची ३० सेकंदे उरली की बझर वाजावा. गाडीभर फेस असताना पाणी अचानक बंद पडले, तर तो माणूस पुढचे पैसे भरतो खरा, पण चिडून भरतो.

यूपीआयबद्दलही तेच. पैसे खात्यातून गेले आणि इंटरनेट अडकल्यामुळे यंत्र सुरू झाले नाही, हा या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रसंग. मशीनमध्ये टोकनची जोडव्यवस्था ठेवावी आणि गाळ्यावरच्या माणसाकडे वीस-पंचवीस टोकने कायम द्यावीत. ग्राहकाने मोबाइलवर पैसे गेल्याचे दाखवले की लगेच टोकन द्यायचे. खात्री नंतर करायची. वीस-चाळीस रुपयांवरून वाद घालू नये.

आता त्या माणसाबद्दल. 'सेल्फ सर्व्हिस' म्हणजे माणूसच नको, अशी समजूत करून घेतली जाते आणि तिथेच घात होतो. दोन गाळ्यांमागे एक जाणता माणूस लागतोच, निदान पहिले वर्षभर. त्याचे काम नवख्या माणसाशेजारी पाच मिनिटे उभे राहून तोंडाने सांगण्याचे आहे. गन त्याने स्वतःच्या हातात घ्यायची नाही. एकदा का 'द्या साहेब, मी मारतो' सुरू झाले, की पंधरा-वीस मिनिटांत मोकळा होणारा गाळा चाळीस मिनिटे अडकतो, बक्षिशीची सवय लागते, आणि ग्राहक शिकत नाही तो नाहीच. वयस्कर माणसे, कंबरदुखीवाले किंवा उंच गाडीच्या टपापर्यंत हात न पोचणारे यांच्यासाठी मदतीचा वेगळा दर पाटीवर उघड लिहावा. या माणसाचा पगार जाहिरातीच्या खर्चात धरावा, मग तो जड वाटत नाही.

मशीनवरची बटणे बहुतेक वेळा इंग्रजी शब्दांसकट येतात. त्यावर 'पाणी', 'फेस', 'धुणे', 'शेवटचे पाणी', 'थांबा' असे ठळक मराठी स्टिकर लावावेत आणि ड्रायव्हरच्या दारासमोरच्या भिंतीवर चित्रांसह कृतीचा फलक लावावा. फलकावर काय असावे ते सविस्तर सांगतो, कारण अनेक ठिकाणी त्यावर फक्त दर आणि 'सूचनांचे पालन करा' एवढेच असते.

गाडी आल्या आल्या चाकांवर पाणी मारू नये. ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात, गार पाण्याने त्या वाकड्या होण्याची भीती असते. पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मग सुरुवात चाकांपासून आणि मडगार्डच्या आतल्या बाजूपासून करावी. तिथला चिखल शेवटी उडवला तर धुतलेल्या दारांवर येतो. त्यानंतर टपापासून खाली साधे पाणी मारून सुटी धूळ काढायची. फेस मात्र खालून वर मारायचा, म्हणजे कोरड्या भागावर साबणाचे ओघळ उतरून पट्टे पडत नाहीत. दोन-तीन मिनिटे थांबायचे, पण फेस वाळू द्यायचा नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर फेस बघता बघता वाळतो, म्हणून त्या दिवसांत एका वेळी अर्धीच गाडी घ्यावी. मग ओल्या मायक्रोफायबरच्या हातमोज्याने टपापासून खाली यायचे आणि दारांचा खालचा पट्टा व बंपर सर्वांत शेवटी घ्यायचे, कारण रेती तिथेच असते. फेस वरून खाली धुऊन काढायचा आणि शेवटचे पाणी मारल्यावर गाडीला हात न लावता ती वाळवण्याच्या जागी न्यायची.

गनचे अंतर फलकावर चित्रात दाखवावे. रंगावर निदान १ फूट, आणि पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर, स्टिकरवर, काचेच्या रबरावर २ फूट. धार सरळ आपटू नये, तिरकी लागावी. गनला २५ अंशांची पसरट धार देणारे नोझल असावे. एकाच बिंदूवर जाणारी किंवा फिरती धार मोटारीच्या गाळ्यात ठेवूच नये. सुटलेल्या रंगाचा पापुद्रा ती उचलते आणि त्याची भरपाई मालकाला करावी लागते. रेडिएटरच्या जाळीवर, बॉनेटखाली आणि इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगच्या झाकणावर धार मारायची नाही. मुलांच्या हातात गन द्यायची नाही, हे तर लाल अक्षरांत लिहावे. रविवारी मुले हौसेने येतात. १०० बार दाबाची धार जवळून बोटावर बसली तर कातडीत घुसते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसली तरी लगेच डॉक्टरांकडे जावे लागते.

सगळ्यात जास्त ग्राहक तुटतात ते पाण्यामुळे, आणि याचाच विचार सगळ्यात कमी होतो. सांगली-मिरज भागातल्या अनेक बोअरचे पाणी जड आहे. गाडीवर राहिलेला थेंब वाळला की त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम पांढऱ्या ठिपक्याच्या रूपात मागे राहते. काळ्या आणि गडद रंगाच्या गाडीवर ते दुरून दिसतात. ताजे ठिपके पातळ व्हिनेगरने निघतात, पण उन्हात भाजलेले निघता निघत नाहीत. नेहमीच्या सेंटरवर पोरे लगेच फडके फिरवतात म्हणून हे खपून जाते. स्वतः धुणारा माणूस टप पुसेपर्यंत दारे वाळलेली असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गाडी धुण्यासाठी ६०० चे पाणी म्हणजे ठिपक्यांची हमी. गाळा बांधण्याआधी बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. ऐनवेळची खूण हवी असेल तर बाटलीत थोडे पाणी घेऊन अंघोळीच्या साध्या साबणाचा चुरा टाकून हलवावे. फेसाऐवजी पांढरी साय धरली तर पाणी जड आहे.

यावर उपाय म्हणजे पाणी मऊ करणारा सॉफ्टनर. ५० लिटर रेझिनचा, म्हणजे कठीणपणा धरणाऱ्या बारीक मण्यांचा, सॉफ्टनर साधारण अडीच किलो कठीणपणा धरून ठेवतो. पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम कठीणपणा असेल तर सुमारे ५,००० लिटर पाणी मऊ होऊन मिळते आणि एका गाडीला ६०-७० लिटर धरले तर ७०-८० गाड्या होतात. त्यानंतर ७-८ किलो मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजे करावे लागते. हे विसरले की सॉफ्टनर नुसता शोभेला उरतो. आणखी एक फसगत नेहमी होते: मालक टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारे मीटर बुडवून बघतो आणि आकडा तेवढाच दिसला म्हणून सॉफ्टनर बिघडला असे धरून चालतो. सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. बघायचा तो कठीणपणा, थेंब मोजून रंग बदलणाऱ्या छोट्या किटने, रोज सकाळी. मऊ पाण्याचा आणखी एक फायदा असा की शांपू कमी लागतो आणि फेस टिकतो. मिठाचे जे पाणी बाहेर पडते ते मात्र शेजारच्या रानात सोडू नये. कृष्णाकाठची किती जमीन क्षारपड झाली आहे ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

शेवटच्या पाण्यासाठी लहान आरओ बसवावा आणि त्याचा टीडीएस ५० च्या खाली ठेवावा. हे पाणी वाळले तरी ठिपका उमटत नाही. गाडीला जेमतेम १० लिटर लागते, त्यामुळे दिवसाला ४० गाड्या धरल्या तरी ५०० लिटरची टाकी पुरते. आरओतून बाहेर पडणारे पाणी फरशी धुवायला आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल उडवायला वापरता येते. 'शेवटचे पाणी' कशासाठी आहे हे ग्राहकाला सांगितले नाही तर तो पैसे वाचवायला तेच बटण वगळतो आणि मग ठिपक्यांची तक्रार करतो. म्हणून ते मिनिट वेगळे विकू नये, पॅकेजमध्येच धरावे. आमच्या मते गाळ्यासमोरच्या पाटीवर दरापेक्षाही मोठ्या अक्षरांत 'पांढरे डाग पडत नाहीत' हे लिहावे, अर्थात ते खरे असेल तेव्हाच.

गाडी वाळवायची जागा गाळ्याबाहेर, सावलीत हवी. तिथेच व्हॅक्युम क्लीनर, पायपुसण्या झटकायची जाळी आणि विकायला मायक्रोफायबरचे फडके. घरून आणलेल्या जुन्या बनियनने गाडी पुसली की बारीक ओरखडे पडतात आणि नाव केंद्राचे खराब होते. गाळ्यातच पुसत बसणारी एक गाडी मागच्या दोघांना परत पाठवते. रविवारी सकाळी हे फार होते.

पंपाबद्दल. द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप नेहमीच्या सेंटरवर सर्रास चालतो. तो मिनिटाला ३० लिटरच्या आसपास पाणी टाकतो आणि त्याचा दाब बेताचा असतो. चिखलाला तो चांगला, पण स्वतः धुण्याच्या गाळ्यात पाणी आणि शांपू दोन्ही वाया घालवतो. इथे ३ एचपीचा, १०० बार दाबाचा, मिनिटाला १० ते १२ लिटर देणारा पंप योग्य. गन धडधडू लागली तर आधी सक्शनची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपची, जाळी आणि क्लॅम्प बघावेत. जाळी तुंबलेली असते किंवा हवा ओढली जात असते. नोझल झिजते तेव्हा पाणी जास्त आणि दाब कमी होतो, मळ निघायला वेळ लागतो आणि ग्राहकाची मिनिटे वाढतात. त्याला कारण कळत नाही, पण 'इथे घड्याळ पळते' असे तो चार जणांना सांगतो. दर आठवड्याला गन बादलीत ३० सेकंद सोडून पाणी मोजावे. साडेपाच लिटरच्या जागी सात भरले की नोझल बदलायचे. नोझलची किंमत किरकोळ असते. मोटरला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय ओल्या फरशीवर अनोळखी माणसाला उभे करूच नये.

फेसाच्या ब्रशबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: मोटारीच्या गाळ्यात तो नको. आधीच्या माणसाने चिखलाच्या चाकावर फिरवलेला ब्रश पुढच्याच्या बॉनेटवर जातो आणि केसांत अडकलेली रेती रंगावर वर्तुळे काढते. ठेवायचाच असेल तर ४ फुटांवर हूक हवा, म्हणजे तो जमिनीवर पडणार नाही, आणि वापरण्याआधी गनने धुण्याची सूचना हवी. त्याऐवजी धुतलेला हातमोजा १०-२० रुपये भाड्याने देणे बरे. शांपू पीएच ७ च्या जवळचा घ्यावा. कॉस्टिक सोडा घातलेला स्वस्त फेस मळ झटकन काढतो, पण वॅक्सही काढतो आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काळवंडतात. अलॉय व्हीलवर ॲसिड तर नकोच.

दुचाकीवाल्यांकडे या केंद्रांचे सपशेल दुर्लक्ष होते. विश्रामबागेत वालचंद, विलिंग्डन ही महाविद्यालये आहेत. तिथली मुले स्वतःची गाडी स्वतः धुण्यात आनंद मानतात. त्यांच्यासाठी एक छोटा गाळा, ४०-५० बारचा दाब आणि ३-४ मिनिटांचा दर पुरेसा होतो. गाडी मेन स्टँडवर, सायलेन्सर निवलेला. चाकांच्या बेअरिंगवर, हँडलच्या कोनसेटवर, मीटरवर, स्विचवर आणि सायलेन्सरच्या तोंडात धार मारायची नाही. नंतर चेन पुसून तेल सोडायचे. त्या तेलाची बाटली तिथेच ठेवली आणि दहा-वीस रुपये घेतले तर मुले खुशीने देतात. स्कूटी घेऊन येणाऱ्या मुली आणि महिला संध्याकाळनंतर याव्यात असे वाटत असेल तर भरपूर उजेड, स्वच्छ स्वच्छतागृह आणि मनगटाला झटका न देणारी हलकी गन हवी.

ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टेम्पो यांना मोटारींच्या रांगेत घेऊ नये. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, काळ्या मातीने माखलेली ट्रॉली अर्धा तास घेते. तिला वेगळी उघडी जागा द्यावी. काळी माती वाळली की दगड होते, ओली झाली की चिकटते; म्हणून आधी कमी दाबाचे पाणी मारून पाच मिनिटे भिजू द्यावी, मग जोर लावावा. नाहीतर चिखल फक्त जागा बदलतो. तासगाव, मिरज, पलूसकडून येणारे फवारणीचे ब्लोअर आणि टाक्या मात्र धुऊ देऊ नयेत. त्यांत बोर्डो मिश्रणातला मोरचूद, गंधक, कीटकनाशके असतात आणि ती थेट गटारात जातात.

ग्राहक कधी येतो हेही धरून चालावे. खंडेनवमी आणि दसऱ्याला अख्खे शहर गाड्या धुते, दिवाळी पाडव्याला तेच, आणि अमावास्येला टेम्पो-ट्रकवाले पूजेआधी गाडी धुतात. आदल्या रात्री टाक्या भरलेल्या, रेझिन ताजे केलेले आणि एक जादा गन व होज तयार हवा. अशा दिवशी नवख्यांना शिकवणे जमत नाही, म्हणून त्या दिवसांत ठरावीक दरच ठेवावा. याच कारणाने उद्घाटनाला मोफत धुलाई ठेवू नये: शंभर गाड्यांची रांग लागते, कुणालाच काही सांगता येत नाही, पाणी संपते आणि शंभर जण वाईट अनुभव घेऊन जातात. त्यापेक्षा मंगळवार-बुधवारी दुपारी पाच-पाच जणांना बोलावून शिकवावे. पावसाळ्यात गाडी वरून धुवायला कोण येणार, अशी समजूत आहे. त्या दिवसांत खालून धुणे आणि आतून व्हॅक्युम विकावे. अंबा घाटातून कोकणात जाऊन आलेल्या, समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या गाडीला तर खालून धुणे गरजेचेच असते.

पाटी वळणाच्या आधी, शंभर मीटरवर हवी; गेटसमोर लावलेली पाटी दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. मिरजेच्या बाजूला केंद्र असेल तर पाटीवर कन्नडही असावे. दवाखान्यांसाठी अथणी, बेळगाव, विजापूरकडून रोज गाड्या येतात आणि पेशंट आत असताना ड्रायव्हर मोकळा असतो. टुरिस्ट गाड्यांसाठी दहा धुलाईंचे कार्ड काढावे. हे लोक वेळेला किंमत देतात, हात सरावलेला असतो आणि आठवड्यातून दोनदा येतात. घरची गाडी महिन्यातून एकदाच येईल.

राहिला सांडपाण्याचा प्रश्न, आणि तो महापालिकेचाही आहे. घरासमोर पाइप लावून गाडी धुताना अर्धा इंची नळ मिनिटाला १५ लिटर धरला तर पाव तासात सव्वादोनशे लिटर पिण्याचे पाणी जाते. साबण, ऑइल, माती गटारात जाते आणि गटारे कुठे जातात हे कृष्णेत सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्याने सांगलीकरांना पुरेसे दाखवले आहे. केंद्रावर हेच काम ७० लिटरमध्ये होते आणि सांडपाणी एका जागी धरता येते. त्यासाठी तीन कप्प्यांची टाकी लागते: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात वर आलेले ऑइल अडते, तिसऱ्यातून पाणी पुढे जाते. दिवसाला ४० गाड्यांना ३,००० लिटरची टाकी बेताची ठरते. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात, ते आपणहून लवकर बसत नाहीत. एवढ्या पाण्याला रात्री १५०-२०० ग्रॅम तुरटी विरघळवून घातली की सकाळपर्यंत पाणी निवळते. हे पाणी फरशीला आणि चाकांना चालते, मोटारीच्या रंगावर नको. गाळ आठवड्याला काढावा. तो साठला की टाकीला वास मारतो आणि वाळवण्याच्या शेडमध्ये थांबलेला माणूस त्या वासानेच पुढच्या वेळी येत नाही.

काढलेल्या गाळाचे आणि वर साचलेल्या ऑइलचे करायचे काय, याला शहरात आज सोपी वाट नाही. ऑइल अधिकृत खरेदीदाराला देता येते, पण लहान केंद्राकडे ते महिन्याला चार-पाच लिटरच जमते आणि तेवढ्यासाठी कुणी येत नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेने तिन्ही शहरांतल्या वॉशिंग सेंटरांसाठी महिन्यातून एक दिवस ठरवून शुल्क घेऊन हा गाळ व ऑइल उचलावे, आणि टाकी बांधलेली असेल त्यालाच ड्रेनेजची जोडणी द्यावी, अशी आमची मागणी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीची चौकशी मात्र नव्या केंद्रवाल्यांनी जागेचा करार करण्याआधीच करावी; बांधून झाल्यावर टाकीसाठी फरशी फोडणे फार महागात पडते.

आपले,
वॉशिंग सेंटर व्यवसायातील काही जण,
विश्रामबाग, सांगली